झोळी बांधणारीला झोका कधी?

मैत्रिणींनो, आमच्या जाफराबाद तालुक्यात वैशाखातल्या दुपारी येऊन पाहा. लिंबाखाली बाजेवर पुरुष आडवा झालेला, पारावर पत्त्यांचा डाव रंगलेला. बाई कुठे असते? कुरडया घालत असते, हंडे वाहत असते, नाहीतर रानात धसकटं वेचत असते. बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधते तीच, पण त्यात झोपतं तिचं लेकरू.

पलीकडे खानदेशात आखाजीला माहेरवाशिणी झोके घेतात. म्हणजे बाईच्या विसाव्याला मान्यता आहे, पण सणापुरती आणि तीही माहेरी! सासरी भरदुपारी झोक्यावर बसली, की ती आळशी.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. तीही जो करतो त्याची!

आपण तरी काय केलं? मजुरी, पाणी, दारूबंदी यांसाठी मोर्चे काढले. विश्रांती मागायची मात्र लाज वाटली. मीच वर्षानुवर्षं बैठका दुपारी दोनला ठेवल्या. एकदा एक बाई हळूच म्हणाली, "ताई, मीटिंग लवकर उरकली तर घडीभर पडते."

पुढच्या बैठकीला विषयपत्रिका नको. लिंबाला दोर बांधू. लेकरं तेवढा वेळ बापांनी सांभाळावीत.