पोहरादेवीची भाषा कोणत्या रकान्यात?

आफ्रिकेलगतच्या मादागास्करपासून पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटापर्यंत पूर्वेकडे नकाशावर बोट फिरवत गेले, तर अर्ध्याहून अधिक पृथ्वी ओलांडली जाते. या अफाट जलप्रदेशात मलायो-पॉलिनेशियन कुळातील हजाराहून अधिक भाषा बोलल्या जातात. पाच या संख्येला मलाय माणूस ‘लिमा’ म्हणतो, मादागास्करचा ‘डिमी’ आणि न्यूझीलंडचा माओरी ‘रिमा’. हा विस्तार कोणा सम्राटाच्या फौजेने घडविला नाही. तैवानकडून दक्षिणेस निघालेल्या दर्यावर्दी शेतकऱ्यांनी काही हजार वर्षांत आपली बोली होड्यांतून बेटोबेटी नेली. (एकादशीच्या साबुदाण्याचे मूळही मलाय ‘सागू’ हेच, आणि इंडोनेशियात आजही भाषेला ‘बहासा’ व शिक्षकाला ‘गुरू’ म्हणतात. देवघेव जुनी आहे.)

समुद्रावर जे होड्यांनी केले, ते दख्खनच्या पठारावर बैलांनी केले. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला तेथे महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातील बंजारा कुटुंबे जमतात, आणि एरवी तेलुगू, कन्नड वा मराठी मुलुखात वावरणारी ही माणसे परस्परांशी गोरमाटीत बोलतात. राजस्थानीशी नाते सांगणारी ही भाषा मीठ व धान्य वाहणाऱ्या बैलांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे लदेणीच्या व्यापाराबरोबर, दक्षिणेत उतरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली आणि हा व्यापार मोडला. १८७१ च्या कायद्याने तर अशा कित्येक फिरत्या जमातींच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला.

बेटांवर गेलेल्यांना स्वतःची भूमी मिळाली. तांडा मात्र दुसऱ्याच्या गावाच्या कडेला स्थिरावला. परिणामी एकच बोली एका राज्यात तेलुगू लिपीत, दुसऱ्यात कन्नड लिपीत, आपल्याकडे देवनागरीत लिहिली जाते. जनगणनेतही तिची तीच गत झाली. २०११ च्या मोजणीत लमाणी-लंबाडी सांगणारे सुमारे ३३ लाख, बंजारी सांगणारे सुमारे १६ लाख. परंतु हे दोन्ही आकडे हिंदीच्या बेरजेत जमा आहेत. त्याच मोजणीत बोडो बोलणारे सुमारे १५ लाख आणि डोगरी बोलणारे सुमारे २६ लाख होते. त्या दोन्ही भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात आहेत, गोरमाटी नाही. ज्या मालाची नोंद दुसऱ्याच्या खात्यावर होते, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हे कोणताही कारकून सांगेल.

या हिशेबाची किंमत पहिलीतले मूल मोजते. घरी आईला ‘याडी’ आणि भाकरीला ‘बाटी’ म्हणणाऱ्या मुलासमोर पहिल्याच दिवशी मराठीचे पुस्तक उघडले जाते. ते गप्प बसते, आणि त्याच्या गप्प बसण्याला मंदबुद्धी समजले जाते. त्यातून आईबाप ऊसतोडीला निघाले, तर वर्षाचा निम्मा काळ शाळाच सुटते.

मुलांना नोकरीची भाषा शिकवा, घरची बोली शिकवून काय साधणार, असा आक्षेप तांड्यांतील पालकही घेतात. तो पोटतिडकीचा आहे. त्याला हसून चालणार नाही. मात्र येथे मराठीला पर्याय मागितलेला नाही. इंडोनेशियाच्या तरुणांनी १९२८ मध्ये ऐक्याची भाषा निवडताना संख्येने सर्वांत मोठी असलेली जावानी बाजूला ठेवली आणि बंदरांच्या बाजारात सर्वांना समजणारी मलाय स्वीकारली. त्या निर्णयाने देश जोडला गेला हे निर्विवाद. पण शाळेत केवळ तीच चालू लागल्यावर तेथील अनेक लहान भाषा घरातूनही मागे हटू लागल्या, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू होय, आणि ती आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

घटनेचे ३५०-अ हे कलम १९५६ पासून भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तेच म्हटले. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडले, ही आनंदाची बाब आहे. आता मानोरा तालुक्यातील तांड्यांच्या शाळांत पहिली-दुसरीसाठी गोरमाटी बोलणारा एकेक शिक्षक आणि देवनागरीतील एक पातळ वाचनपुस्तिका द्यावी. संग्रहालयाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.