पीयूसीवाल्याला विचारा, लॅम्बडा किती आला?

पेट्रोल गाडीच्या पीयूसी सर्टिफिकेटवर एक रकाना असतो. नाव लॅम्बडा. शेजारी मर्यादा दिलेली असते, १ अधिक-उणे ०.०३. बहुतेक लोक तो वाचत नाहीत. आपण तारीख बघतो, कागद डॅशबोर्डमध्ये कोंबतो आणि वर्षभर विसरतो.

आधी हा लॅम्बडा म्हणजे काय ते सांगतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बरोबर जुळलं की लॅम्बडा १. पेट्रोल जास्त झालं की आकडा खाली, हवा जास्त झाली की वर. गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे तिन्ही एकदम निपटू शकतो, पण ते फक्त या १ च्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात. पट्टा सुटला की हजारो रुपयांचा कन्व्हर्टर असून नसल्यासारखा. मग सिग्नलला गाडीमागे उभा असलेला दुचाकीवाला आणि त्याच्या पुढ्यात बसलेलं पोर ते नाकातोंडात घेतं.

म्हणूनच नियम असा की बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीची आयडलिंगवर एकदा आणि मग २५०० आरपीएमच्या आसपास नेऊन पुन्हा एकदा तपासणी करायची. लॅम्बडा मोजायचा तो या दुसऱ्या टप्प्यात.

आता आठवून बघा. शेवटची पीयूसी काढताना तुम्हाला कुणी ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं होतं? मला नाही सांगितलं. नळी सायलेन्सरच्या तोंडाशी टेकवली, नंबरप्लेटचा फोटो काढला, शे-सव्वाशे रुपये घेतले, कागद हातात. इंजिन पूर्ण वेळ आयडलिंगवर. आणि कागदावर मात्र २५०० च्या घरातला आरपीएम आणि एकदम देखणा लॅम्बडा छापलेला! तो आकडा आला कुठून, एवढाच माझा प्रश्न आहे.

गंमत म्हणजे खरा हिशेब गाडी स्वतःच ठेवत असते. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी पोर्ट असतो. त्यात पाचशे-हजार रुपयांचा ब्लूटूथ डोंगल लावा, मोबाईलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप घ्या आणि इंजिनाची नाडी बघा. ऑक्सिजन सेन्सर धुरात उरलेला प्राणवायू सतत तपासतो आणि त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. ही दुरुस्ती ॲपमध्ये 'फ्युएल ट्रिम' म्हणून टक्क्यांत दिसते. शून्याच्या आसपास पाचेक टक्के इकडेतिकडे असेल तर तब्येत ठीक. लाँग टर्म ट्रिम कायम अधिक किंवा उणे १० च्या पलीकडे राहत असेल तर काहीतरी बिघडलंय. कुठून हवा शिरतेय, इंजेक्टर गळतोय किंवा एखादा सेन्सर खोटं बोलतोय. चेक इंजिनचा दिवा लागायच्या कितीतरी आधी हे कळतं.

पण एक सावधगिरी. ॲपमध्ये एअर-फ्युएल रेशो '१४.७' दिसला म्हणून त्याचा स्क्रीनशॉट टाकून ई-२० वर वाद घालू नका, ना बाजूने ना विरोधात. साध्या गाड्यांतला नॅरोबँड सेन्सर 'पेट्रोल जास्त' की 'हवा जास्त' एवढंच सांगतो, नेमका आकडा देत नाही. ॲप बहुतेक वेळा ईसीयूने ठरवलेला लॅम्बडा घेतं आणि १४.७ ने गुणून दाखवतं. इथेनॉलला मात्र ९ पटच हवा लागते, त्यामुळे ई-२० चं खरं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. टाकीत ई-२० असलं तरी स्क्रीनवर १४.७ च! बघायचं असेल तर ट्रिम बघा. ई-१० वरून ई-२० वर गेल्यावर तेवढ्याच हवेला चारेक टक्के जास्त इंधन लागतं, हे साधं गणित आहे. ई-१० साठी बसवलेल्या चारचाकीचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल, हे तर नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात लिहिलंय.

काही जण म्हणतील, सामान्य माणसाने हे उद्योग कशाला करायचे? का नाही करायचे? घरी बीपीचं यंत्र ठेवतो, तेव्हा आपण डॉक्टर होत नाही. पण डॉक्टरने न तपासताच 'नॉर्मल' लिहून दिलं तर ते आपल्याला कळतं. वैध पीयूसी नसेल तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. इतका मोठा दंड ज्या कागदासाठी, तो कागद खरा असावा ही अपेक्षा फार झाली का?

आणि हे अशक्यही नाही. कॅलिफोर्नियात २००० सालच्या आणि त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांची धूर तपासणी २०१५ पासून ओबीडी पोर्टमधूनच होते. आपल्याकडे दुचाक्या आणि जुन्या गाड्यांना नळी लागेलच, कबूल. पण ज्या गाडीत पोर्ट आहे तिचे फॉल्ट कोड वाचायला एक मिनिट लागतं.

मागण्या तीनच. चाचणी चालू असताना स्क्रीन गाडीमालकाला दिसली पाहिजे, आरपीएम आणि लॅम्बडासकट. ओबीडी असलेल्या गाडीची पीयूसी फॉल्ट कोड वाचल्याशिवाय देऊ नये. आणि पेट्रोलच्या बिलावर घनता छापता येते, तर इथेनॉलचा टक्काही छापावा.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करूया. पुढच्या पीयूसीला गाडीतून खाली उतरा, यंत्राशेजारी उभे राहा आणि शांतपणे विचारा, "दादा, २५०० आरपीएमला लॅम्बडा किती आला?" उत्तर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर पैसे देऊ नका, दुसऱ्या सेंटरला जा आणि आरटीओकडे लेखी तक्रार करा. रोज दहा जणांनी हा प्रश्न विचारला तरी नळी नीट आत जायला लागेल.

पटलं तर पुढे पाठवा. गाडी नसलेल्यांनाही पाठवा, धूर तेही खातात.