फेर धरायला ओळखपत्र कशाला?

मलेशियातल्या शाह आलम शहरात जुलै महिन्यात एक जपानी नाच होतो, बोन ओदोरी. मधोमध लाकडी मचाण, त्यावर मोठा ढोल, वर कागदी कंदिलांच्या माळा आणि खाली गोल फिरत नाचणारी माणसं. येत नसेल तरी चालतं. पुढच्याचे हात बघायचे आणि तसंच करायचं. त्यातल्या एका प्रसिद्ध नाचात तर कोळसा खणायचा, खांद्यावर टाकायचा, गाडी ढकलायची, एवढंच असतं. खाण कामगारांचं ते गाणं. नोकरीसाठी आलेल्या जपानी कुटुंबांतल्या मुलांना आपला सण कळावा म्हणून १९७७मध्ये मलेशियात हा कार्यक्रम सुरू झाला. पुढे स्थानिक लोकही हौसेने यायला लागले.

२०२२मध्ये मात्र वाद पेटला. तिथले धार्मिक व्यवहार मंत्री इद्रिस अहमद म्हणाले, यात दुसऱ्या धर्माचे अंश आहेत, मुस्लिमांनी जाऊ नये. यावर सेलांगोर राज्याचे सुलतान शराफुद्दीन इद्रिस शाह यांनी कार्यक्रम होऊ द्या, असं सांगितलं. सुलतान हेच त्या राज्यातले इस्लामचे प्रमुख. धार्मिक खात्याच्या अधिकाऱ्यांनी तिथे स्वतः जाऊन बघावं, असंही त्यांनी सुनावलं. १६ जुलैला कार्यक्रम झाला आणि तुफान गर्दी झाली.

मलेशियाचं आपल्याला काय, असं म्हणाल. पण नवरात्र जवळ आलं की आपल्याकडे काय सुरू होतं ते आठवा. गरब्याच्या गेटवर आधार कार्ड तपासा, नाव विचारा, टिळा लावल्याशिवाय आत सोडू नका. देश वेगळा, धर्म वेगळा, पण भीती तीच.

आता त्या मंत्र्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं का? तसं नाही. या नाचाचं मूळ ओबोन या सणात आहे. त्या दिवसांत पितर घरी येतात, असं जपानी लोक मानतात. आपला पितृपंधरवडाच म्हणा ना. पितरांनी लवकर यावं म्हणून काकडीचा घोडा करतात आणि सावकाश परत जावं म्हणून वांग्याची गाय. बुद्धांचे शिष्य मोग्गलान यांच्या आईला मुक्ती मिळाली, तेव्हा ते आनंदाने नाचले, अशी त्यामागची कथा. ती बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचली. म्हणजे हा नाच निव्वळ टाइमपास नाही. पण हे कळल्यावर लांब का राहायचं? उलट जाणाऱ्याने हे समजून जावं. मग तो तिथे सेल्फीपुरता उभा राहत नाही, दुसऱ्याच्या आठवणीचा मान राखून नाचतो.

गेटवाल्यांचा एक मुद्दा मात्र टाळून चालणार नाही. ते म्हणतात, हे मुलींच्या सुरक्षेसाठी आहे. छेडछाड होते, हे खरंच आहे. पण ती करणारा आधार कार्डावर कळतो का? मैदानात उजेड हवा, पोलीस हवेत, तक्रार केली तर ऐकून घेणारं कुणीतरी हवं. जो वाईट वागेल त्याला बाहेर काढा, मग त्याचं नाव काहीही असो.

आणि आपला दुटप्पीपणा तर बघा. परदेशातल्या गणेशोत्सवात एखादा गोरा लेझीम हातात घेतो, तेव्हा आपण तो रील दहा ग्रुपवर टाकतो. ‘बघा, आपली संस्कृती!’ म्हणून छाती फुगवतो. तिथे कुणी त्याचा धर्म विचारला, तर आपल्यालाच लाज वाटेल. मग आपल्याच तालुक्यातल्या, आपल्याच वर्गातल्या मित्राला गेटवर अडवताना ती लाज जाते कुठे?

औंढ्याच्या पोरांना तर हे सांगायचीही गरज पडू नये. नागनाथाच्या देवळात नंदी मागच्या बाजूला का, हे इथलं लहान पोरगंही सांगेल. नामदेव महाराज देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना ‘मागे जा’ म्हणून हाकललं. ते मागे जाऊन गायला लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. इतिहास म्हणून ही कथा कुणी मानो न मानो, पण आपण ती शेकडो वर्षं अभिमानाने सांगतोय. त्यात अडवणाऱ्याच्या बाजूने आपण एकदाही उभे राहिलो नाही. याच नामदेवांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. अभंगाने पंजाबात जाताना कुणाला ओळखपत्र दाखवलं नव्हतं.

गरब्याला, गणपतीला, कॉलेजच्या गॅदरिंगला स्वयंसेवक म्हणून आपणच उभे असतो. बिल्ला आपल्याच छातीवर असतो. यंदा गेटवर ड्यूटी लागली, तर येणाऱ्याला आडनाव विचारू नका. चपला कुठे काढायच्या आणि टाळी कुठल्या ठेक्यावर द्यायची, तेवढं सांगा.