क्रूझ आली, पण कोकणची बोट कधी?

ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' क्रूझ मुंबईहून गोव्याला निघाली, तेव्हा जुन्या माणसांना भाऊच्या धक्क्यावरची कोकण बोट आठवली. ती जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला असे थांबे घ्यायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि चाकरमानी ट्रंक-बोचकी घेऊन पडावातून किनाऱ्याला यायचे. आंग्रिया मात्र या बंदरांसमोरून रात्रीच पुढे जायची.

गंमत म्हणजे आंग्रियाही मूळची क्रूझ नव्हेच. १९९७ पासून २०१६ पर्यंत ती जपानमध्ये 'ओगासावारा मारू' नावाने टोकियोहून सुमारे १००० किलोमीटर लांबच्या बेटांवर जायची. तिथे विमानतळ नाही, त्यामुळे माणसं, सामान सगळं बोटीनेच. ती जुनी झाली तेव्हा जपानने त्याच मार्गावर नवी, मोठी बोट आणली. सेवा चालूच राहिली.

आपल्याकडे उलटं झालं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पण बोट त्याआधीच बंद पडली होती. आज गणपतीत रेल्वेचं तिकीट मिळत नाही आणि हायवेवर तासन्‌तास जातात.

क्रूझमुळे पर्यटन वाढेल, ते हवंच. पण कुठलीही नवी बोट आली की गावाने दोनच गोष्टी विचाराव्यात: ती आपल्या बंदराला लागणार का? आणि भाडं चाकरमान्याला परवडणार का?