पहिल्या सत्राचे वेळापत्रक

नेवाळकरांच्या काळात झाशीत मराठी घरे आली, त्यांतली काही आजही शहरात नांदत आहेत. अशाच एखाद्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. बारावी पास झालेल्या मुलीला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. आजी विचारते, "कॉलेज दुपारपर्यंतच ना? मग काय, घरीच आहेस." आई म्हणते, "मंगळवारी धाकट्याला क्लासला तूच सोडत जा." मुलगी लगेच हो म्हणते. वेळापत्रक अजून तिच्याही हाती आलेले नसते.

मंगळवारचा तो एक तास किती महाग पडतो, हे पाहण्यासारखे आहे.

झाशीचे बुंदेलखंड विद्यापीठ १९७५ साली स्थापन झाले. तिथल्या महाविद्यालयांत पूर्वी वर्षाच्या शेवटी एकदाच परीक्षा होत असे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार उत्तर प्रदेशात २०२१-२२ पासून पदवीला सत्र पद्धत आणि श्रेयांक आले. तीन मुख्य विषयांच्या जोडीला कौशल्याचा एक विषय आला. पहिल्या सत्रात आहार, पोषण आणि स्वच्छता हाही विषय आला. सहा महिन्यांत परीक्षा दारात उभी राहते. "दिवाळीनंतर लागू अभ्यासाला" ही जुनी सवय आता चालत नाही.

श्रेयांकाचा हिशेब सोपा आहे. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे आठवड्याला एक तास, प्रयोगाचा एक श्रेयांक म्हणजे दोन तास. त्या रचनेत विज्ञानाच्या विषयाला व्याख्यानांचे चार आणि प्रयोगांचे दोन श्रेयांक होते. म्हणजे एका विषयाचे आठ तास, तीन विषयांचे चोवीस. कौशल्याचा विषय वेगळा. घरी रोज दोन-तीन तास वाचन धरले, तर आठवड्याचे चाळीस तास सहज होतात. एवढ्या वेळात माणूस नोकरी करतो! कला शाखेत प्रयोग कमी असले, तरी वाचन वाढते.

आता मंगळवारकडे वळू. आठवड्याला चार व्याख्याने, सत्राचे पंधरा आठवडे, म्हणजे एकूण साठ तास. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते, म्हणजे पंचेचाळीस तास. दर मंगळवारी एक तास बुडाला, तर सवलतीचे पंधराही तास तिथेच संपले. मग ताप आला, घरात लग्न निघाले, तर परीक्षेला बसण्याचीच पंचाईत. वर्गात एकही दिवस टवाळक्या न करणाऱ्या मुलीवरही ही वेळ येऊ शकते.

म्हणून वेळापत्रक आखताना क्रम नीट ठेवावा. प्रयोगांची तुकडी सहसा बदलून मिळत नाही, तेव्हा ते तास आधी मांडावेत. नंतर व्याख्याने. मैत्रिणीने घेतला म्हणून विषय घेऊ नये. त्याचे तास दुसऱ्या विषयावर तर येत नाहीत ना, हे आधी पाहावे. त्यानंतर जाण्या-येण्याचा वेळ. बबीना किंवा दतियाहून येणाऱ्यांनी परतीची गाडी पाहूनच तुकडी मागावी. सत्राच्या अखेरीस धुके पडते, गाड्या रखडतात, हेही लक्षात असू द्यावे. मधला रिकामा तास ग्रंथालयाच्या नावे लिहावा, नाहीतर तो उपाहारगृहात जातो. नियम बदलत असतात, म्हणून चालू वर्षाची माहिती महाविद्यालयाच्या कार्यालयातूनच घ्यावी.

घरची कामे सर्वांत शेवटी मांडावीत. ती करूच नयेत असे नाही; पण मुलगा कॉलेजात गेला की त्याचा अभ्यास, आणि मुलगी गेली की तिची रिकामी दुपार, हा हिशेब बरा नव्हे.

पहिल्या आठवड्यातच हा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा आणि सर्वांनी एकत्र बसून वाचावा. मंगळवारी धाकट्याला कोण सोडणार, ते त्याच बैठकीत ठरेल. कदाचित वडील कामावरून येताना वाट थोडी वाकडी करतील. कदाचित धाकटाच म्हणेल, "मी जाईन एकटा." आणि आजीला चष्मा लावून एकदा ते चोवीस तास मोजू द्यावेत. मग दुपारी हाक मारण्याआधी ती स्वतःच भिंतीकडे बघेल.