चौक्यातली शुद्धी आणि मनातली जात



जैन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पेढी, कापडाचं दुकान आणि गुजराती किंवा मारवाडी बोलणारं घर येतं. मुलांकडे पुण्या-मुंबईला राहायला गेलं की शेजारीण हमखास विचारते, "तुम्ही जैन? मग मराठी इतकं चांगलं कसं?" आता हिला काय सांगायचं! सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे जैन आहेत, आडनावं पाटील, मगदूम, चौगुले. आमच्याकडे व्याजाचा हिशोब कमी आणि उसाच्या पाळीपाण्याचाच जास्त. असं कुणी आपल्याला एका साच्यात घातलं की राग येतो, आणि यायलाच हवा.

पण आपल्याकडचे साचे किती आहेत? "अमक्यांच्या घरात स्वच्छता नसते." "तमक्यांच्या मुलींना वळण नसतं." चतुर्थ-पंचम स्थळं बघताना एकमेकींबद्दल काय बोलतात ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठच आहे. कामवालीचा कप खिडकीत वेगळा ठेवायचा आणि कुणी विचारलं की म्हणायचं, "आमच्यात शुद्धता पाळतात."

गेल्या चातुर्मासात नात्यातल्या एका घरी जे झालं ते मनातून जात नाही. त्या घरची सून मराठा कुटुंबातली. लग्नाला नऊ वर्षं झाली. कंदमुळं सोडली, रात्रीचं जेवण सोडलं, पाणी गाळल्याशिवाय वापरत नाही. गावात मुनिसंघ होता आणि घरी चौका लावायचा होता. चार दिवस हिने दाणा न् दाणा बघून तांदूळ निवडले, डाळी निवडल्या. आहाराच्या दिवशी पडगाहनाला सगळ्या कलश घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा एक वडीलधाऱ्या बाई तिला म्हणाल्या, "तू लांबूनच दर्शन घे गं, तुझं कसं आहे ते तुला माहीत आहे." ती मागे सरली. तिची सात वर्षांची मुलगी मात्र आजीला विचारत होती, "मग मी कुठं उभी राहू?"

आजीजवळ उत्तर नव्हतं. निवडलेले तांदूळ चालले, निवडणारी चालली नाही, याचं उत्तर कुणाजवळ असणार?

आपल्या स्वयंपाकघराचे नियम कशासाठी आहेत ते आठवून बघा. पाणी गाळतो ते त्यातल्या जिवांसाठी. गाळण्यात अडकलेले जीव परत त्याच पाण्यात सोडतो. कंदमुळात अनंत जीव म्हणून ती वर्ज्य. दिवस मावळायच्या आत जेवण, तेही जीवहिंसा टाळायला. यातला एकही नियम माणसाच्या जन्माबद्दल नाही. मी कॉमर्सची, म्हणून मला हे एका खात्याची रक्कम दुसऱ्याच खात्यावर टाकल्यासारखं दिसतं. खर्च अहिंसेच्या नावावर, आणि जमा होतो जातीचा अभिमान.

आहार देताना आपण मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी आणि आहारजलाची शुद्धी म्हणतो. त्यात जातशुद्धी नाही. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत, त्यात कुळाचा मद आहे आणि जातीचाही आहे. सम्यग्दर्शन असेल तर चांडाळकुळात जन्मलेलाही देवासारखा, असंही त्यात आहे. पाठशाळेत आपण आठ मद पाठ करून घेतो आणि घरी येऊन कप वेगळा ठेवतो.

चंदनेची गोष्ट आपण सगळ्यांनी मुलांना सांगितली आहे. कौशांबीत बेड्यांत अडकलेल्या त्या दासीच्या हातून भगवान महावीरांचा आहार झाला. हे मी बोलले तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "अगं पण ती मुळात राजकन्या होती." होती ना. पण ज्यांच्या घरात ती राबत होती, त्यांच्या लेखी ती विकत घेतलेली दासीच होती. त्या घरच्या बायकांनी तिला लांब उभं केलं असतं, तर चुकलं कुणाचं असतं?

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. कुंभोजला जन्म, ऐतवडे बुद्रुकचं घर. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, आल्यावर अंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं. आज त्यांचे फोटो आपल्या कार्यक्रमांत असतात. मला मात्र जास्त नवल वाटतं लक्ष्मीबाईंचं. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरातली बाई. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाल्यावर सगळ्या जातींच्या पोरांना जेवू घालायला उभी राहिली आणि धान्याला पैसे नव्हते तेव्हा अंगावरचे दागिनेच नव्हे, मंगळसूत्रही दिलं. भाषण करणं सोपं. आपल्या चुलीपाशी बदल करायचा, तो त्या बाईने केला. त्यांचं नाव आपण फार कमी घेतो.

मुनिसंघाचे स्वतःचे दंडक असतात, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. पण त्या दिवशी महाराजांना कुणी विचारलंच नव्हतं. आपणच परस्पर ठरवलं. ती सून आता बस्तीत येत नाही, आणि मुलगीही पाठशाळेला येईनाशी झाली आहे.

यंदा संघ आला की मी आधी महाराजांपुढे जाऊन सरळ विचारणार आहे. तिचे नियम, तिचा आहारविहार, सगळं सांगणार आहे. त्यांची आज्ञा मिळाली तर चौक्याच्या यादीत तिचं नाव मी स्वतः लिहीन, तिच्या सासूच्या नावाच्या खालीच. कुणाला हरकत असेल तर त्यांनी मला येऊन सांगावं, तिला नाही.