मूळ रूप कोणते?

परवा रात्री साडेनऊला अमेरिकेतून पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. आमची जेवणे आटोपलेली, त्याची सकाळ उजाडलेली. पाहतो तर हातात बंदूक! आमच्या सौ. तर घाबरून उठूनच उभ्या राहिल्या. "अरे, हे काय घेतलंस?" तर म्हणे, "काका, ओळखा पाहू."

ओळखली. नोकरीत असताना मी शाळेचा एनसीसी अधिकारी होतो, प्रशिक्षण कामठीला झाले. थ्री नॉट थ्री रायफल लांबूनही कळते. नळीच्या टोकापर्यंत लाकूड आणि पुढे ते बोथट नाक. मी म्हटले, कॅमेरा बोल्टच्या खाली, मुठीजवळच्या पट्टीवर ने. मुकुट, जी. आर. आय., ईशापूर, १९४३. म्हणजे कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात घडलेली. जी. आर. आय. म्हणजे लॅटिनमध्ये 'जॉर्ज, राजा आणि सम्राट'. सम्राट तो हिंदुस्थानामुळे, म्हणून आपण गेल्यावर त्यातला शेवटचा आय गेला. (सवय जात नाही, इतिहासच शिकवला आयुष्यभर.)

मग त्याने आणखी एक शिक्का दाखवला. ४१०. आणि मी गप्प झालो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही दिसते थ्री नॉट थ्री, पण आहे मस्कट. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत लांब आणि सरळ जाते. ईशापूरला अशा रायफलींची नळी आतून मोठी आणि गुळगुळीत करून .४१० ची केली गेली. मॅगझिनमध्ये दहा काडतुसे राहायची, त्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला. आता एका वेळी एकच काडतूस. ते घाला, झाडा, रिकामे काढा, दुसरे घाला. हे हत्यार पोलिसांसाठी आणि पहाऱ्यावरच्या शिपायांसाठी. कोणी हिसकावून नेले तरी लष्कराचे काडतूस त्यात चालू नये, आणि शिपाई फिरलाच तर त्याच्या हाती एकच गोळी असावी, असा हिशेब.

हा हिशेब जुना आहे. १८५७ नंतर गोऱ्या पलटणींकडे रायफली राहिल्या आणि देशी शिपायांना मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. डोंगरी तोफखाना सोडला तर तोफाही काढून घेतल्या. १८७८ चा शस्त्र कायदा तर आपण सगळेच शाळेत शिकलो. मस्कट ही त्याच घराण्यातली.

पुतण्याला ही तिथल्या जुन्या हत्यारांच्या दुकानात मिळाली. अवस्था वाईट. लाकडाला चीर, धातूवर गंज. आधीच्या मालकाने दस्त्याला रबराची गादी ठोकलेली, वर चकचकीत वार्निश, आणि तिकडची छऱ्यांची काडतुसे बसावीत म्हणून नळीचा मागचा भाग आणखी कोरून घेतलेला. आता याला ती 'मूळ रूपात' आणायची आहे. वार्निश काढणार, गंज काढणार, इथपर्यंत मी मान डोलावत होतो. पुढे म्हणाला, नळी बदलून थ्री नॉट थ्रीची घालणार, दहा काडतुसांचे मॅगझिन मागवले आहे, आणि तो लाकडी ठोकळा तर कालच काढून टाकला! "आजोबांची रायफल म्हणून दिवाणखान्यात लावतो, काका."

त्याचे आजोबा म्हणजे माझे वडील. पोलीस शिपाई होते. तेव्हा आमचा नरखेडचा भाग काटोल तहसिलीत मोडायचा, आणि बाबा काटोलला तहसिलीच्या खजिन्यावर पहारा द्यायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, म्हणजे १९५८-५९ साल. डबा घेऊन गेलो होतो. विचारले, "बाबा, ही मिलिटरीची बंदूक हाय का?" त्यांनी इकडेतिकडे पाहिले, बोल्ट मागे ओढला आणि आत दाखवले. काळपट लाकूड. म्हणाले, "मिलिटरीची होती. आमच्यासाठी बुजवली." काडतुसे मोजून मिळायची आणि मोजून परत द्यायची. स्वातंत्र्याला अकरा वर्षे होऊन गेली होती.

आता एक कबुली देतो, घरचेही हे वाचतात म्हणून. पुढे मी वर्गात आणि परेड मैदानावर पोरांना कितीदा तरी सांगितले असेल, "माझे वडील थ्री नॉट थ्री वापरत." मस्कट म्हणताना जीभ अडखळायची. म्हणजे पुतण्या आज अमेरिकेत पैसे खर्चून जे करू पाहतो आहे ते मी फुकटात चाळीस वर्षे केले. त्याच्या कानावरही ती रायफल माझ्याच तोंडून पडली असणार.

म्हणून त्याला सांगितले ते इथेही लिहितो. मूळ रूप म्हणजे सर्वांत पहिले रूप, असे धरले की गोंधळ होतो. आमच्याकडे संत्र्याचे झाड जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून करतात. मूळ जंबेरीचे, फळ संत्र्याचे. कोणी म्हणाले की झाड मूळ रूपात आणा, तर वरचे छाटून जंबेरीचे फुटवे वाढवायचे का? सैन्याची रायफल होऊन ती ज्या कामी पडली, तिच्या आयुष्यातला तो काळ लहान असो की मोठा, मस्कट म्हणून ती जगली हे तिच्या अंगावर सरकारी शिक्क्यानेच लिहिले आहे. ते बिघडवणे नव्हे, तो इतिहास आहे, आणि आपल्याला न आवडणारा आहे. रबराची गादी आणि वार्निश हा दुकानी कारभार, ते खुशाल काढ. कोरून गेलेले तर परत येत नाही, ते राहू दे.

तो म्हणाला, "पण काका, ही दिसायला तशीच आणि आतून निकामी. पाहुण्यांना काय सांगू?"

मी म्हटले, पाहुण्यांना ठोकळा दाखव. थ्री नॉट थ्री जगात लाखोंनी पडल्या आहेत. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना समारंभाने निरोप दिला, तसे कौतुक मस्कटीच्या वाट्याला कुठे आले? आजोबांच्या हातात होती तसलीच नेमकी तुला मिळाली आणि तूच ती बदलायला निघालास.

बराच वेळ बोलला नाही. राग आला असावा. मॅगझिनचे पैसे भरून झाले होते, नळीसाठी कारागीरही ठरवला होता. सौ. मला खुणेने म्हणत होत्या, जाऊ द्या, त्याची वस्तू, त्याचे पैसे. तेही खरेच. माझ्या बोलण्यात बाबांपेक्षा माझ्या जुन्या थापेची टोचणीच जास्त असेल, असे फोन ठेवल्यावर वाटलेही.

काल त्याचा मेसेज आला. ठोकळा गॅरेजमधल्या कचऱ्याच्या पेटीत सापडला म्हणे, एक कोपरा तुटला आहे. नळीचे काय ठरवले ते लिहिले नाही, मीही विचारले नाही. लाकडाला काय लावू, एवढेच विचारले. मी लिहिले, जवसाचे तेल, हाताने चोळून, पातळ थर, रोज एक. आणि लाकूड घासताना शिक्क्यांवरून पॉलिश पेपर अजिबात फिरवू नकोस. लगेच उलट प्रश्न, "काका, इथे उकळलेलंही मिळतं आणि कच्चंही. कुठलं आणू?"

कच्चे आण म्हटले. वेळ लागतो, पण लाकडात मुरते.